वाकडं रेकॉर्डिंग: कुडाळच्या एका व्हीसीआरचं प्रकरण

कुडाळजवळच्या एका गावातून हा व्हीसीआर कोल्हापूरला माझ्या दुकानात आला. सोबत कॅसेटची एक पिशवी आणि आधीच्या मेकॅनिकचं निदान. "हेड गेलां, असां तेणां सांगल्यान." हेड म्हणजे टेपवर चित्र-आवाज लिहिणारा आणि वाचणारा भाग. मालक निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. गावात सगळे गुरुजी म्हणतात, तेव्हा मीही गुरुजीच म्हणू लागलो. त्यांना मशीनपेक्षा एका कॅसेटची काळजी होती. १९९४ साली गावच्या जत्रेत झालेल्या दशावतारी नाटकाचं रेकॉर्डिंग, त्यात राजाच्या भूमिकेत त्यांचे थोरले भाऊ. भाऊ आता नाहीत. मूळ कॅसेट शूटिंगवाल्याकडे होती, तिचा पत्ता नाही. गुरुजींकडे आहे ती कॉपी, आणि ती कॉपी याच मशीनवर केलेली.

हे शेवटचं वाक्य त्यांनी निघता निघता, चप्पल घालताना सांगितलं. सगळं प्रकरण पुढे त्याच वाक्यावर फिरलं.

मशीन जपानी बनावटीचं, समोरून कॅसेट घेणारं, दोन हेडांचं, मोनो आवाजाचं. १९८६ साली गुरुजींच्या मेव्हण्यांनी मस्कतहून आणलेलं. मागे व्होल्टेज बदलायचा खटका आणि पाल, सेकॅम, एनटीएससी अशी रंगीत चित्राच्या वेगवेगळ्या देशांतल्या पद्धतींची निवड, म्हणजे अस्सल गल्फचा माल. १९८२ च्या एशियाडच्या निमित्तानं आपल्याकडे रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ कोकणात अशी मशीनं घरोघरी नाही तरी वाडीत एखादं तरी दिसू लागलं. त्यातली बरीचशी भंगारात गेली. हे टिकलं, कारण ते माळ्यावर न जाता माजघरातच, कापडाखाली राहिलं.

तक्रारी दोन. प्ले केलं की काही सेकंदांत मशीन आपोआप थांबतं, आणि कॅसेट बाहेर काढली तर टेपचा लूप आतच अडकलेला असतो. आणि जी काही सेकंदं चालतं, त्यात पडद्यावर नुसत्या मुंग्या, आवाज मात्र व्यवस्थित.

या दुसऱ्या तक्रारीपाशी जरा थांबू, कारण "हेड गेलं" हे निदान तिच्यातूनच निघालं होतं. व्हीएचएसमध्ये, म्हणजे या घरगुती कॅसेटच्या पद्धतीत, मोनो आवाज टेपच्या वरच्या कडेला सरळ रेषेत, वेगळ्या स्थिर हेडनं लिहिलेला असतो. चित्र लिहितात ती ड्रमवरची फिरती हेडं, तिरक्या पट्ट्यांमध्ये. आवाज स्वच्छ आणि योग्य पट्टीत येतोय, याचा अर्थ कॅपस्टन (फिरता दांडा) आणि पिंच रोलर (टेप त्याच्यावर दाबणारं रबरी चाक) टेप नीट वेगानं ओढतायत. गडबड ड्रमच्या आसपास आहे, एवढंच यातून कळतं. तिथे किमान चार शक्यता असतात: हेड झिजलं किंवा तुटलं, हेडवर घाण बसली, हेडचा सिग्नल वाढवणारं सर्किट बिघडलं, किंवा टेप ड्रमभोवती नीट गुंडाळलीच जात नाही. आपल्याकडे मात्र मुंग्या दिसल्या की "हेड गेलं" हे उत्तर तयारच असतं. कारण हेड गेलं म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही. नवीन हेड मिळत नाही, कुठल्याही कंपनीचा नवा व्हीसीआर मिळत नाही. शेवटची मोठी उत्पादक, जपानची फुनाई, तिनंही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. मामला तिथेच मिटतो.

आधीच्या हातांच्या खुणा

झाकण काढल्यावर पहिलं दर्शन पालीच्या अंड्यांचं. पॉवर सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी, ऊबेला. ते कोकणात चालायचंच. बाकीच्या गोष्टी मात्र माणसानं केलेल्या होत्या.

आयडलरवर, म्हणजे रिळांना फिरवणाऱ्या छोट्या चाकावर, मूळ रबरी टायरऐवजी सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रिंग चढवलेली. कल्पना वाईट नाही, पण कात्रीनं कापलेली रिंग एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ होती, त्यामुळे चाक गोल राहिलंच नव्हतं. शिलाई मशीनचं तेल सढळ हातानं सोडलेलं, ते ओघळून बेल्टवर आलेलं. पिंच रोलरला सँडपेपर मारलेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ड्रमच्या दोन्ही बाजूंना जे गाईड रोलर टेपची उंची ठरवतात, त्यांच्या डोक्यावरचा फॅक्टरीचा सीलचा रंग तडकलेला आणि स्क्रूची खाच ताजी चमकणारी. म्हणजे चित्र येत नाही म्हणून कोणीतरी गाईड फिरवून पाहिले होते. मूळ जागा कुठे होती याची खूण केलेली नव्हती.

मला यात सगळ्यात खटकलं ते वेगळंच. टेस्ट करायला तिथे दशावताराचीच कॅसेट वापरली होती. मशीन ज्या अवस्थेत टेप खात होतं त्याच अवस्थेत, आणि टेप एका जागी चुरगळली होती. आजारी मशीनमध्ये गिऱ्हाइकाची कॅसेट घालायची नाही, हा नियम आमच्या दुकानात शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगितला जातो. टेस्टसाठी ज्याचं काही जाणार नाही अशा सिनेमाच्या कॅसेट भरपूर पडल्या आहेत.

आधी चालतं करणं

मशीन का थांबत होतं, हे कळायला वेळ लागला नाही. कॅसेटमधलं उजवीकडचं रीळ फिरतंय की नाही हे मशीन सतत पाहत असतं. रिळाखालच्या चकतीवरून सेन्सरला पल्स मिळतात. त्या थांबल्या, की मधला कंट्रोल आयसी समजतो की कॅपस्टन टेप पुढे ढकलतोय आणि ती गोळा करणारं कोणी नाही. मग तो सगळं बंद करतो. हे बरोबरच आहे. बिघाड असा की टायर घसरत होता, म्हणून रीळ अधूनमधून थांबत होतं. आणि थांबल्यावर ड्रमभोवतीची टेप कॅसेटमध्ये परत ओढून घ्यायलाही तोच आयडलर लागतो. तो घसरला की लूप बाहेरच राहतो. "मशीन टेप खातं" असं लोक म्हणतात, त्यातली निम्मी प्रकरणं या एका रबराची असतात.

टायर आणि पिंच रोलर एका भंगारातल्या मशीनमधून मिळाले, त्याच बनावटीच्या मेकॅनिझमचे. अशी मशीनं मी पुण्याच्या जुन्या बाजारातून उचलून ठेवतो, चालू असोत वा नसोत. टायर नसताच मिळाला तर योग्य मापाची ओ-रिंग चालते, पण तिचा काप गोल असल्यानं ती थोड्याच जागी टेकते आणि पकड कमी पडते. बेल्ट नवा घातला. तेल पूर्ण पुसून काढलं. लोडिंगच्या गिअरवरचं मूळ ग्रीस चाळीस वर्षांत मेणासारखं घट्ट झालं होतं, ते खरवडून नवीन अगदी थोडं लावलं. मोड स्विच उघडून साफ केला. लोडिंग कुठवर आलंय हे कंट्रोल आयसीला सांगणारा हा छोटा सरकता स्विच काळवंडला, की मशीन अर्ध्यात थबकतं आणि माणूस मोटरला दोष देतो. पॉवर सप्लायमध्ये १२ व्होल्टच्या लाईनवर रिपल, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार, जास्त दिसला, तिथले कंडेन्सर बदलले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मशीन आता न थांबता चालायला लागलं. पडद्यावर मुंग्या होत्याच.

हेडवर काय होतं

व्हीएचएसचा ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचा. पालमध्ये तो मिनिटाला १५०० वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला २५. समोरासमोर बसवलेली दोन हेडं, प्रत्येक हेड एका फेरीत एक फील्ड, म्हणजे अर्धं चित्र, लिहितं. टेप स्वतः सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते, पण हेड तिच्यावरून सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर वेगानं घासत जातं. प्रत्येक तिरकी पट्टी ४९ मायक्रॉन रुंद, साधारण बारीक केसाएवढी. हेडमधली फट सुमारे ०.३ मायक्रॉन.

आता यात घाणीचा हिशेब बघा. चित्राचा सिग्नल ३.८ ते ४.८ मेगाहर्ट्झच्या एफएमवर, म्हणजे वारंवारता बदलत जाणाऱ्या लहरीवर, असतो. या वेगाला टेपवर त्याच्या एका लहरीची लांबी १ मायक्रॉनच्या आसपास पडते. टेप आणि हेड यांच्यात तेवढंच, म्हणजे १ मायक्रॉनचं अंतर पडलं, तर सिग्नल जवळपास ५५ डेसिबलनं खाली येतो. मूळच्या पाचशेव्या हिश्शाहूनही कमी उरतो. हेड शाबूत असूनही पूर्ण मुंग्या दिसायला डोळ्यांना न दिसणारा थर पुरतो. आवाजाच्या स्थिर हेडवर हाच थर असला तरी तिथल्या लहरी कितीतरी लांब, म्हणून आवाज तगून राहतो. गुरुजींच्या मशीनची लक्षणं तंतोतंत तीच होती.

घाण कुठून आली, हेही कॅसेटकडे पाहून कळलं. दशावताराच्या कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसत होती. गुरुजींनी कित्येक वर्षांनी ती कॅसेट लावली, काही मिनिटं चित्र दिसलं आणि मग गेलं. चित्र गेलं म्हणून मशीन मेकॅनिककडे गेलं. तिथे तीच कॅसेट पुन्हा घातली. हेडवर अजून थर.

हेड साफ करताना कापसाच्या काडीला हात लावायचा नाही. तिचे तंतू हेडच्या फेराईटच्या कडेला अडकतात आणि टोक तुटू शकतं. मऊ शामवा चामड्याची पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला आडवी, स्थिर धरायची आणि ड्रम वरून बोटानं हळू फिरवायचा. पट्टी वर-खाली कधीही हलवायची नाही. पहिल्या पट्टीवर तपकिरी आणि राखाडी अशी दुहेरी रेघ उठली: तपकिरी टेपचा ऑक्साईड, राखाडी बुरशी. पट्ट्या बदलत बदलत रेघ उठायची थांबली. मग भिंगाखाली दोन्ही टोकं पाहिली. कडा सरळ, कुठे कपची उडालेली नाही, ड्रमच्या पृष्ठभागावर टोक अजून स्पष्ट वर आलेलं. हेड गेलेलं नव्हतं.

सिनेमाची टेस्ट कॅसेट लावली. रंगीत, स्थिर चित्र आलं, फक्त वरच्या आणि खालच्या बाजूला मुंग्यांचे पट्टे होते. हे गाईडचं काम. कॅसेटकडून टेप ड्रमवर चढते त्या बाजूचा गाईड चित्राचा वरचा भाग सांभाळतो आणि उतरते त्या बाजूचा खालचा. हे पट्टे पडद्याकडे बघत बघत अंदाजानं घालवणारे लोक आहेत. मी स्कोप, म्हणजे सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं उपकरण, लावतो. हेडच्या एफएमचा एन्व्हलप, म्हणजे सिग्नलच्या उंचीची बाहेरची रेघ, पाहायचा, हेड बदलण्याच्या २५ हर्ट्झच्या पल्सवर ट्रिगर करायचा. प्रत्येक हेडचा एन्व्हलप चौकोनी पट्टीसारखा सपाट दिसला पाहिजे. डावीकडे खचला तर चढणारा गाईड, उजवीकडे खचला तर उतरणारा. कंपनीची अलाइनमेंट टेप, म्हणजे मशीन जुळवायची नमुना टेप, आता मिळणं मुश्कील, म्हणून मोठ्या कंपनीनं फॅक्टरीत छापलेल्या, कमी वाजलेल्या सिनेमाच्या कॅसेट संदर्भ म्हणून वापरतो. दोन-तीन वेगवेगळ्या कॅसेटवर एन्व्हलप सपाट आला की मशीन स्टँडर्डला आलं, असं धरायचं.

आलं. कुठलीही फॅक्टरीची कॅसेट घाला, स्वच्छ चित्र. इथे बिल करून मशीन परत दिलं असतं तर कोणीच काही म्हटलं नसतं.

१९८७ सरळ, १९९२ वाकडं

पिशवीत दूरदर्शनवरून टेप केलेल्या कॅसेटही होत्या, पाठीवर गुरुजींच्या शिक्षकी अक्षरात लेबलं. त्यातल्या बुरशी नसलेल्या दोन घेतल्या. १९८७ चा रिलायन्स कप: स्वच्छ. १९९२ चा वर्ल्ड कप: खालच्या बाजूला मुंग्यांचा जाड पट्टा. ट्रॅकिंग, म्हणजे हेड पट्टीवर जुळवायचं बटण, फिरवलं तर पट्टा थोडा कमी-जास्त झाला, गेला नाही. वाटलं, अजून काहीतरी राहिलंय. म्हणून तीच कॅसेट दुकानातल्या खात्रीच्या मशीनवर लावली. तिथेही पट्टा, त्याच जागी, तेवढाच.

याचा अर्थ एकच निघतो. दोष आत्ताच्या मशीनमध्ये नव्हता, रेकॉर्डिंगमध्ये होता. १९८७ साली हे मशीन सरळ लिहीत होतं आणि १९९२ पर्यंत वाकडं लिहायला लागलं होतं. घरात कोणाला कळलं नाही, कारण त्या मशीननं लिहिलेलं तेच मशीन वाचत होतं. ज्या वाकड्या वाटेनं हेड लिहायला गेलं, त्याच वाटेनं वाचायला गेलं. चित्र स्वच्छ. बाहेरून आणलेल्या सिनेमाच्या कॅसेटवर खाली थोड्या मुंग्या यायच्या, असं गुरुजींनी फोनवर विचारल्यावर आठवून सांगितलं. भाड्याच्या कॅसेट तेव्हा इतक्या घासलेल्या असायच्या की दोष कॅसेटवरच जायचा.

वाकडं का लिहायला लागलं, त्याचं कारण उतरत्या बाजूच्या गाईडच्या बुडाशी होतं. गाईड जागी पक्का धरायला तिथे एक बारीक ॲलनचा स्क्रू असतो. तो सैल होता. तो सैल पडला की मशीनच्या थरथरीनं, टेपच्या घासण्यानं गाईड वर्षावर्षाला किंचित फिरत जातो. चढत्या बाजूचा स्क्रू घट्ट होता.

आणि दशावताराची कॉपी १९९४ ची. म्हणजे ती १९९२ हूनही थोडी जास्त वाकडी असणार.

आता प्रश्न असा होता: मशीन स्टँडर्डला ठेवायचं की कॅसेटला लावायचं? आमच्या धंद्यात स्टँडर्ड हा शब्द देवासारखा घेतला जातो. मशीन दुसऱ्याच्या कॅसेटशी जुळलं पाहिजे, म्हणूनच तर जेव्हीसीनं १९७६ मध्ये व्हीएचएस आणलं ते इतर कंपन्यांना परवाना देत. पण जिथे एकच कॅसेट आहे, तिची दुसरी प्रत जगात नाही आणि ती वाकडी लिहिलेली आहे, तिथे स्टँडर्डला चिकटून बसणं म्हणजे चित्राचा खालचा भाग जाणूनबुजून सोडून देणं. मी ठरवलं, उतरवून घेईपर्यंत मशीन कॅसेटचं, त्यानंतर पुन्हा स्टँडर्डचं.

हे दुकानातल्या चांगल्या मशीनवरही करता आलं असतं, असं कोणी म्हणेल. गाईड तिथेही आहेतच. पण रेकॉर्डिंग ज्या ड्रमवर झालं तोच ड्रम, तीच हेडं, टेप ज्याच्यावर टेकून जाते ती खालच्या ड्रमची तीच बारीक पायरी, हे सगळं समोर हजर असताना दुसरं मशीन कशाला बिघडवायचं? आधीच्या सल्ल्यानुसार गुरुजींनी हे मशीन भंगारात दिलं असतं, तर ही सोय संपली असती. "हेड गेलं" हे निदान नुसतं चुकीचं नव्हतं, महागात पडणारं होतं.

बुरशी

त्याआधी कॅसेट साफ होणं भाग होतं. बुरशीची कॅसेट नुकत्याच साफ केलेल्या हेडवर चढवायची नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

पावसाळ्यात कोकणातल्या घरात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहते. बुरशीला ६५ च्या पुढे गेलं की पुरे. इंटरनेटवर टेप ओव्हनमध्ये भाजायचा उपाय सापडतो, तो इथे लावू नये. तो काही जातीच्या व्यावसायिक टेपच्या चिकट झालेल्या थरासाठी आहे. बुरशीला भाजायचं नसतं, वाळवायचं असतं. कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवली, ओली बुरशी कोरडी पावडर होईपर्यंत. ओली असताना पुसली तर टेपवर फासली जाते.

मग एन-९५ मास्क लावून, पंखा बंद करून, गॅलरीत काम. कवचाचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं बाहेर घेतली. कडांवरची पावडर मऊ ब्रशनं झटकली आणि रिळं एका साफ, रिकाम्या कवचात बसवली. पुढचं काम फक्त या कामासाठी ठेवलेल्या एका जुन्या मशीनवर. त्याचा ड्रम टेपच्या वाटेत येत नाही, टेप दोन्ही बाजूंनी धागे न सोडणाऱ्या कापडामधून एका रिळावरून दुसऱ्यावर सावकाश जाते. ई-१८० कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर टेप असते. कापड सारखं बदलायचं. हे काम कंटाळवाणं आहे, आणि नेमकं यातच कोणी घाई करतं.

चुरगळलेली जागा मधोमध लागली. खालची कड दुमडलेली. टेपच्या खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक असतो, सेकंदाला २५ पल्सचा. मशीन त्या पल्स धरूनच टेप आणि ड्रमची सांगड घालतं. तिथे घडी पडली की पल्स हरवतात आणि चित्र गडगडतं. बोटाच्या पोटानं, दोन स्वच्छ कागदांमध्ये धरून जमेल तेवढी सपाट केली. इस्त्रीबिस्त्री अजिबात नाही.

गाईड कॅसेटला लावणं

इथे वर्ल्ड कपची कॅसेट उपयोगी पडली. तिचं काही बिघडलं तरी चालणार होतं, आणि ती त्याच मशीननं, जवळपास त्याच काळात वाकडी लिहिलेली होती. दशावतारासाठी यापेक्षा चांगली अलाइनमेंट टेप कुठल्याही कंपनीनं बनवली नसती.

आधी गाईडच्या डोक्यावर आणि शेजारच्या पट्टीवर बारीक मार्करनं रेघ ओढून स्टँडर्डची जागा पक्की केली. मग वर्ल्ड कप लावून उतरता गाईड किंचित वर घ्यायला सुरुवात केली. स्कोपवर एन्व्हलपचा उजवा खचलेला भाग हळूहळू भरत आला. आठवा भागसुद्धा फेरा लागला नाही. हे फिरवताना एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा टेपच्या कडेवर ठेवावा लागतो. गाईड वर घेताना धोका कमी, पण परत खाली आणताना मर्यादेबाहेर गेला तर टेप पायरीवर दाबली जाते आणि खालची कड वळते. वळली की पुन्हा कंट्रोल ट्रॅकचं नुकसान.

वर्ल्ड कप स्वच्छ झाल्यावर दशावतार लावला. अपेक्षेप्रमाणे खाली एक अरुंद पट्टा उरला होता, दोन वर्षांच्या जास्तीच्या सरकण्याचा. इथे शूटिंगवाल्यांची त्या काळची एक सवय कामी आली. सुरुवातीला लांबलचक टायटल: गणपतीचा फोटो, त्यावर फिरणारी फुलं, जत्रेचं नाव, मंडळाचं नाव, शूटिंगवाल्याचं नाव, आणि पुन्हा फुलं. एरवी वैताग येतो. या वेळी त्या फुलांवरच गाईडचा शेवटचा केसभर फेर बसवला. नाटक सुरू व्हायच्या आत पट्टा गेला होता.

एन्व्हलप अगदी सपाट झाला नाही. उजव्या टोकाला किंचित उतार राहिला, तो राहणारच, कारण वळण टेपवरच लिहिलेलं आहे. पडद्याच्या तळाशी हेड बदलण्याची एक थरथरती रेघ दिसते, ती तर प्रत्येक व्हीएचएसला असते. जुन्या टीव्हीच्या फ्रेममागे ती झाकली जायची, फाईलमध्ये उघडी पडते. ती कापायची नाही असं मी ठरवलंय. ज्याला हवी त्यानं नंतर झाकावी.

चित्राचा वरचा भाग सुरुवातीला थोडा एका बाजूला झुकत होता. त्याचं कारण बॅक टेन्शन, म्हणजे टेपला मागून दिलेला ताण. डाव्या रिळावरच्या पट्ट्याची स्प्रिंग कोणीतरी ओढून सैल केली होती, ती बदलल्यावर वाक गेला. मशीनचा व्हिडिओ आउटपुट एका डीव्हीडी रेकॉर्डरमधून पुढे नेला. रेकॉर्ड करायला नाही, तर त्यातलं सर्किट ओळींची थरथर बरीच स्थिर करतं म्हणून. मग कॉम्प्युटरवर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (अर्ध्या-अर्ध्या चित्रांची) जशीच्या तशी, दर्जा न घटवणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे फाईलच्या साठवणपद्धतीत. पेन ड्राईव्हसाठी छोटी फाईल नंतर वेगळी बनवली. पहिलीच फाईल छोटी करणारे पुढे पस्तावतात.

चुरगळलेल्या जागी चित्र काही सेकंद गडगडतं. आवाज पूर्ण आहे, पेटी आणि पखवाज ऐकू येतात. बाकी नाटक संपूर्ण मिळालं. पट्टा होता तेव्हा राजाचे पाय आणि तो बसलेलं बाकडं मुंग्यांखाली जात होतं. दशावतारात ते बाकडं म्हणजेच सिंहासन असतं, तेव्हा एवढासा पट्टा म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

परत देताना

गुरुजींनी विचारलं, मशीन आहे तसंच, त्या कॅसेटला लावलेलं ठेवलं तर? मी नको म्हटलं. पिशवीत त्यांच्या पुतणीच्या लग्नाची कॅसेट आहे, ती थेट कॅमेऱ्यातली, स्टँडर्डला लिहिलेली. या मशीनशी तिचा संबंध नाही. उलट १९९२ नंतरचे सामने पाहायची त्यांना हौस नाही. गाईड मार्करच्या रेघेवर परत आणला, सिनेमाच्या कॅसेटवर एन्व्हलप पुन्हा तपासला, बुडाचा ॲलन स्क्रू आवळला. मशीनच्या तळाला कागद चिकटवला आहे: कुठला गाईड, कुठल्या बाजूला, किती, आणि कोणत्या सालच्या रेकॉर्डिंगसाठी. पुढच्या मेकॅनिकनं तो वाचला तर ठीक.

सांभाळण्याबद्दल फार काही सांगितलं नाही. महिन्यातून एकदा सिनेमाची कॅसेट घालून थोडा वेळ चालवा, मग ती बाहेर काढून ठेवा. टेपच्या कॅसेट उभ्या ठेवा, पूर्ण गुंडाळून, सिलिका जेलच्या डब्यात, आणि पावसाळ्याआधी जेल बदला. हेड साफ करायची बाजारात मिळणारी कॅसेट सारखी सारखी लावू नका. आणि दशावताराची कॅसेट फाईल मिळाली म्हणून टाकून देऊ नका.

त्यानंतर त्यांचा फोन आला. मालवणच्या चुलतभावाकडे आणखी एक कॅसेट निघाली आहे, १९९६ ची, तीसुद्धा याच मशीनवर कॉपी केलेली. बुरशी आहे का विचारलं तर म्हणाले, थोडी. म्हणजे गाईड पुन्हा सोडवावा लागणार, आणि या वेळी १९९४ पेक्षा थोडा अधिक. त्या स्क्रूवर मी पक्का गोंद न लावता नुसता नेलपेंटचा ठिपका दिला होता, तो खरवडला की सुटेल.